तीस ग्रॅमची नोंद
(आशा कार्यकर्त्या, पालक आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

लहान बाळाच्या हृदयाला होल आहे असं कळलं, की घरातले सगळे एकाच प्रश्नामागे धावतात: ऑपरेशन कोण करेल? प्रश्न बरोबरच आहे. पण त्या सर्जनच्या हाताला जे ज्ञान आलं, ते कुठून आलं आणि पुढे कसं वाढतं, याबद्दल मला आज बोलायचं आहे. माझं ठाम मत आहे, की ते ज्ञान एका रुग्णालयात कधीच पुरेसं जमत नाही.

आपल्या देशात दर वर्षी दोन लाखांहून अधिक मुलं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच उपचार मिळावे लागतात. आकडा मोठा आहे, पण दोषांचे प्रकारही डझनावारी आहेत. एखादा गुंतागुंतीचा दोष घेतला, तर मोठ्या केंद्रातसुद्धा त्याची वर्षाला मोजकीच बाळं येतात. त्यांतली तीन दगावली, तर पद्धत चुकली, आयसीयूत काही राहून गेलं, की ती बाळं मुळातच जास्त आजारी होती? कितीही प्रामाणिक सर्जन असो, त्याला हे एकट्यानं सांगता येत नाही.

ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात हे फार दुःखद रीतीनं समोर आलं. तिथल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची सरकारी चौकशी झाली आणि इयन केनेडी यांच्या समितीनं 2001 साली अहवाल दिला. 1991 ते 1995 या काळात, एखाद्या सर्वसाधारण केंद्रात जितकी दगावली असती त्यापेक्षा एक वर्षाखालची 30 ते 35 मुलं तिथे जास्त दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ अनेक वर्षं आकडे जमवून हे सांगत होते. या प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची राष्ट्रीय पातळीवर नोंद होऊ लागली, आणि कोणत्या केंद्राचे निकाल कसे आहेत हे लोकांना पाहता येऊ लागलं.

इथे डॉक्टरमंडळी एक हरकत घेतात, आणि ती योग्य आहे. अवघड केसेस घेणाऱ्याचे आकडे वाईटच दिसणार. मग तो अवघड बाळांना नकार देऊ लागेल! म्हणून तुलना न्याय्य असावी लागते. बोस्टनच्या डॉ. कॅथी जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली शस्त्रक्रियांची जोखमीप्रमाणे सहा गटांत वर्गवारी मांडली. साधं छिद्र बंद करणं एका टोकाला, नवजात बाळाच्या हृदयाची जवळजवळ नव्यानं रचना करणं दुसऱ्या टोकाला. गट ठरला, की सारख्याची सारख्याशी तुलना करता येते.

आता या दुसऱ्या टोकाकडे जाऊ, कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळालं. काही बाळांच्या हृदयाची डावी बाजूच वाढलेली नसते. शरीराला रक्त पुरवणारा मुख्य कप्पा नावापुरता असतो. अशा बाळांवर तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया करतात. पहिला टप्पा जन्मानंतर लगेचच, त्याला नॉरवुड म्हणतात. त्यात फुप्फुसांकडे रक्त नेण्यासाठी एक नळी बसवतात, शंट. ती कुठून जोडायची, यावर दोन मतं होती आणि दोन्ही बाजूंना नामवंत सर्जन होते. अमेरिका आणि कॅनडातल्या 15 केंद्रांनी मिळून 2005 ते 2008 या काळात 549 बाळांवर याची चाचणी केली. कोणत्या बाळाला कोणता शंट, हे सोडतीनं ठरलं. वर्षभरानंतर हृदयप्रत्यारोपणाशिवाय जिवंत असलेल्या बाळांचं प्रमाण एका पद्धतीत 74 टक्के होतं, दुसऱ्या पद्धतीत 64.

इथेच थांबले असते तर पाठ्यपुस्तकात एक ओळ लिहून मोकळे झाले असते. त्यांनी त्याच मुलांची पुढेही वर्षानुवर्षं नोंद ठेवली. तेव्हा दिसलं, की सुरुवातीला पुढे असलेल्या पद्धतीचा फायदा पुढच्या काळात ओसरत गेला. हे सांगायला धैर्य लागतं. माझ्या दृष्टीनं त्या अभ्यासाचं हे सर्वांत मोठं काम आहे.

त्याच बाळांच्या बाबतीत आणखी एक प्रश्न होता. पहिलं ऑपरेशन नीट झालेलं, आई बाळाला घेऊन घरी गेलेली, दुसरा टप्पा काही महिन्यांवर, आणि मधल्या काळात बाळ घरीच अचानक दगावायचं. अमेरिकेत मिलवॉकीच्या बालरुग्णालयात डॉ. नॅन्सी घनायम यांच्या गटानं 2000 साली एक साधा उपाय सुरू केला. घरी जाताना आईबापांना वजनकाटा आणि पल्स ऑक्सिमीटर द्यायचा. ऑक्सिजन 70 टक्क्यांखाली गेला, दिवसात 30 ग्रॅमहून जास्त वजन घटलं, किंवा तीन दिवसांत 20 ग्रॅमही वाढलं नाही, तर लगेच फोन करायचा. तीस ग्रॅम! जुलाब होणं, दूध कमी पिणं, एरवी आपण दोन दिवस वाट पाहिली असती अशा गोष्टी. आधीच्या 57 बाळांपैकी 9 या मधल्या काळात दगावली होती. नोंद ठेवलेली सर्व 24 बाळं त्यातून पार पडली.

पण 24 बाळं म्हणजे पुरावा नव्हे, आशा. ती तपासायला अनेक घरं लागतात. पुढे अमेरिकेतल्या बालहृदयरोग केंद्रांनी एक जाळं उभारलं. घरची नोंद, आहार, दोन डॉक्टरांमधला निरोप, या सगळ्याच्या पद्धती एकमेकांना मोकळेपणानं दाखवल्या. कोणाचे निकाल चांगले आहेत ते पाहून त्यांच्याकडून उचललं. मधल्या काळातले मृत्यू 9.5 टक्क्यांवरून 5.3 टक्क्यांवर आले. यात नवं औषध कुठलंच नव्हतं. या जाळ्याच्या बैठकांना पालकही बसतात. काय मोजायचं यावर बोलतात. ज्या आईनं रात्री दोन वाजता बाळाचं वजन केलं आहे, तिला विचारल्याशिवाय फॉर्म तयार करू नये, हे त्यांना पटलं होतं.

तुम्ही म्हणाल, हे श्रीमंत देशांचं झालं. म्हणून जेनकिन्स यांच्याच पुढाकारानं बोस्टनहून चाललेल्या दुसऱ्या उपक्रमाकडे पाहा. त्याच्या अभ्यासात 17 विकसनशील देशांतली 28 केंद्रं सहभागी झाली आणि 2010 ते 2012 मध्ये 15 हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची नोंद झाली. भर तीनच गोष्टींवर होता: शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतरची सुरक्षितता, संसर्ग टाळणं, आणि सांघिक काम. पहिल्या वर्षाच्या अनुभवावरून अपेक्षित होते त्यापेक्षा 2011 साली 29 टक्के कमी मृत्यू झाले. गंभीर संसर्ग 2012 साली 35 टक्क्यांनी कमी होते. कोचीच्या अमृता रुग्णालयानं आपले आकडे वेगळे मांडले आहेत: जखमेतला संसर्ग सुमारे 11 टक्क्यांवरून अडीच टक्क्यांच्या आत आला.

सांघिक काम म्हणजे काय, ते सांगतो, कारण आपल्याकडे अडतं तिथेच. राउंडच्या वेळी सिस्टर गप्प उभ्या असतात. बाळाजवळ रात्रभर त्याच असतात, श्वास बदलला हे पहिल्यांदा त्यांनाच कळतं. सरांनी हात न धुता बाळाला स्पर्श केला, तर 'सर, थांबा' म्हणण्याची मुभा त्यांना हवी, आणि तसं म्हटल्यावर सरांनी थांबायला हवं.

महाराष्ट्राचा यात एक जुना धागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, हृदयविकार त्या यादीत आहे. केरळनं 2017 पासून 'हृद्यम्' योजनेत एक पाऊल पुढे टाकलं: बाळाची नोंद ऑनलाइन होते, निकड किती ते तज्ज्ञ ठरवतात आणि बाळाला योग्य केंद्राकडे पाठवतात. माझी मागणी याच्याही पुढची आहे. किती मुलांची ऑपरेशनं झाली, हा आकडा पुरेसा नाही. एका वर्षानं ती मुलं कशी आहेत, किती वाढली, कोणती पुन्हा आलीच नाहीत, हे जिल्हावार कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक केंद्रात नोंदी ठेवायला पगारी माणूस हवा. रेसिडेंट डॉक्टरनं रात्री जागून भरलेली वही टिकत नाही.

आणि इथे बसलेल्या पालकांनो, डिस्चार्जच्या दिवशी चार गोष्टी कागदावर लिहून मागा: ऑपरेशनचं पूर्ण नाव, घरी जातानाचं बाळाचं वजन, त्याचा ऑक्सिजन किती असायला हवा, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. आशाताई, पहिल्या भेटीत तो कागद मागून बघा, आणि आपला वजनकाटा सोबत न्या.