पाचच्या बटणावरचं टिंब

बटणांचा जुना नोकिया आठवतोय का? त्याच्या पाचच्या बटणावर एक बारीकसं टिंब असायचं, काही फोनवर टिंबाऐवजी छोटी रेघ. ज्यांना दिसतं त्यातल्या बऱ्याच जणांनी दहा-दहा वर्षं फोन वापरून ते कधी पाहिलेलंच नसतं, आणि आमचा, म्हणजे न दिसणाऱ्यांचा, अख्खा फोन त्या टिंबावर चालायचा. अंगठा टिंबावर गेला की झालं, वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा, बाकीचे कोपऱ्यात. खिशात हात घालून नंबर लावायचो मी. बढाई नाही, खरंच.

मग काच आली.

दुकानात पहिल्यांदा टचस्क्रीन हातात घेतला तेव्हा मी तो उलटासुलटा करून चाचपत राहिलो. ना टिंब, ना बटण, ना कड. खिडकीचं तावदान हातात दिलंय आणि म्हणतायत लाव आता फोन! दुकानदार भला माणूस होता, म्हणाला दादा, तुम्ही आपला बटणांचाच घ्या, आहे अजून एक पीस.

हां, मी कोण ते राहिलंच. ह्या व्हिडिओत बोलतोय तो मीच, अधूनमधून दिसतोय तोही मीच. शूटिंग मित्राने केलंय, तो म्हणतो फ्रेम मस्त आलीय, विश्वास ठेवण्यावाचून इलाज नाही. मला आरपी आहे, रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्यातला पडदा हळूहळू निकामी होत जातो, आधी रात्रीचं दिसेना मग बाजूचं मग समोरचं. आता उजेड कुठून येतोय तेवढं कळतं, म्हणजे तुम्ही दिवा लावलात की मी सांगू शकतो, बिल किती आलं ते नाही.

बोलणारे फोन काचेच्या आधीपण होते बरं का. नोकियाच्या सिंबियन फोनवर टॉक्स नावाचं सॉफ्टवेअर चालायचं, मोबाइल स्पीक नावाचं दुसरं एक होतं, स्क्रीनवर जे येईल ते वाचून दाखवायचं. पण ते वेगळं विकत घ्यावं लागायचं आणि स्वस्त अजिबात नव्हतं, मग कोणाकडून तरी क्रॅक केलेली फाइल मेमरी कार्डावर यायची आणि सगळा मित्रपरिवार ती वापरायचा. चूकच होतं ते. पण मेसेज वाचायला पण एक्स्ट्रा पैसे मोजायचे हे तरी कुठे बरोबर होतं.

तर काचेचं कोडं कोणीतरी सोडवायला हवं होतं, आणि ज्यांनी सोडवायला घेतलं त्यांच्यात एक माणूस आपल्या पुण्याचा निघाला. टी. व्ही. रामन. जन्म पुण्यातला, १९६५ चा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दिसणं पूर्ण बंद झालं. गणित शिकले इथेच पुणे विद्यापीठात, मग आयआयटी मुंबईला कंप्युटर, मग अमेरिकेत कॉर्नेलला पीएचडी. पीएचडीत काय केलं तर गणिताची किचकट समीकरणं कंप्युटरने नुसती वाचायची नाहीत, ऐकून कळतील अशी वाचायची, ह्याचा प्रोग्राम. त्याचं नाव ॲस्टर, आणि हे नाव त्यांच्या गाइड डॉगचं, म्हणजे वाट दाखवणाऱ्या कुत्र्याचं! माझा अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

पुढे ते गूगलमध्ये गेले, आणि अँड्रॉइड नवीन असताना त्यांनी आणि चार्ल्स चेन ह्या त्यांच्या सहकाऱ्याने टचस्क्रीनवर नंबर लावायचा एक डायलर बनवला. कल्पना ऐका. काचेवर पाच कुठाय ते शोधायचंच नाही. बोट जिथे टेकेल तिथे पाच. तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, डावीकडे वर तिरकं नेलं की एक. चुकलं तर फोन हलवायचा, शेवटचा आकडा पुसला जातो. बस्स. आपण टिंब शोधत बसलो होतो आणि ह्यांनी टिंबच बोटाखाली आणून ठेवलं. हे मला बऱ्याच उशिरा कळलं आणि कळल्यावर मी खरंच थोडा वेळ गप्प बसलो होतो, आणि माझ्या घरच्यांना विचारा मी गप्प बसतो का.

२००९ हे आमच्यासाठी मोठं वर्ष. जूनमध्ये आयफोन ३जीएस आला आणि त्यात स्क्रीन वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आतच होतं, वेगळे पैसे नाहीत. त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये तसंच टॉकबॅक आलं, पण तेव्हा त्याला बटणं किंवा फिरवायचा छोटा बॉल असलेला फोन लागायचा, काचेवर बोट फिरवून ऐकायची सोय २०११ मध्ये अँड्रॉइड ४ बरोबर आली.

युक्ती साधीच आहे. तुम्ही स्क्रीनला हात लावला की ॲप उघडतं. आमच्या फोनला हात लावला की तो फक्त सांगतो, बोटाखाली काय आहे, "व्हॉट्सॲप", "कॅमेरा", "बॅटरी ४० टक्के". उघडायचं असेल तर पटकन दोनदा टॅप, आणि तेही स्क्रीनवर कुठेही. म्हणजे शोधणं वेगळं आणि दाबणं वेगळं. उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट, डावीकडे केलं की मागची. शिकायला मला पंधराएक दिवस लागले, त्यातले पहिले तीन नुसते शिव्या देण्यात गेले.

आता आवाज ऐका. (फोनचा आवाज, नेहमीच्या वेगाने.) काही कळलं? नाही कळणार, सवय लागते. आणि ही माझी स्क्रीन, काळी आहे ना? बंद नाहीये. स्क्रीन लपवायची सोय असते, मला तसंही दिसत नाही मग शेजारच्याने तरी माझे मेसेज का वाचावेत. मागे बसमध्ये एक आजोबा म्हणाले, अहो, फोन बंद पडलाय तुमचा, कधीपासून बोटं फिरवताय. मी म्हटलं चालू आहे आजोबा, माझा असाच असतो. ते पुढच्या स्टॉपला जागा बदलून बसले.

टायपिंगचं सांगायचं तर बहुतेक वेळा मी बोलून टाइप करतो, गूगलच्या त्या सोयीत २०१७ ला मराठी आली. पण भरलेल्या बसमध्ये घरातली भांडणं काय मोठ्याने बोलून टाइप करणार? ज्यांना ब्रेल येतं त्यांची मजा आहे, आयफोनवर २०१४ पासून आणि टॉकबॅकमध्ये २०२० पासून ब्रेल कीबोर्ड आहे, फोन आडवा धरायचा, स्क्रीन समोरच्याकडे, आणि काचेवर सहा बोटं म्हणजे ब्रेलच्या अक्षराची सहा टिंबं. माझा एक मित्र असा सुटतो की ऐकणाऱ्याला धाप लागते. माझं ब्रेल यथातथाच, दिसणं उशिरा गेलं ना.

मग सगळं छान चाललंय का? नाही. फोन बोलतो, पण त्याला बोलायला कोणीतरी शब्द द्यावे लागतात. ॲप बनवणाऱ्याने बटणावर नुसतं चित्र ठेवलं आणि मागे त्याचं नाव लिहिलं नाही, तर टॉकबॅक काय बोलणार? "अनलेबल्ड, बटन." पुढे स्वाइप. "अनलेबल्ड, बटन." अशी ओळीने पाच असली की पैसे पाठवायचे कुठलं आणि डिलीट करायचं कुठलं, खेळा जुगार. आणि हे नाव लिहायचं म्हणजे कोडमधली एक ओळ असते हो, एक ओळ! मी स्वतः लेबल लावू शकतो, टॉकबॅकमध्ये ती सोय आहे, पण त्यासाठी ते बटण कसलं आहे हे आधी कोणीतरी डोळस माणसाने सांगायला लागतं. आणखी डोकं फिरवणारी गोष्ट अपडेट. जे ॲप काल नीट चालत होतं ते आज नवीन डिझाइन आलं म्हणून मुकं.

पैशाचं तर वेगळंच आहे. नव्या नोटा आल्यापासून शंभर, दोनशे, पाचशे तिन्हीची रुंदी सारखी, ६६ मिलिमीटर, आणि लांबी अनुक्रमे १४२, १४६, १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक. दुकानात मागे रांग उभी असताना चार मिलिमीटर मोजून दाखवा मला. कडेला उठावाच्या रेघा आहेत, शंभरला चार, पाचशेला पाच, नवी कोरी नोट असेल तर लागतात हाताला, मंडईतून फिरून आलेली असेल तर विसरा. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला मनी नावाचं ॲप काढलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं, इंटरनेट लागत नाही, अर्धी घडी असली तरी चालतं. खरी की खोटी ते मात्र सांगत नाही. घरी बसून पाकीट लावून ठेवायला उत्तम. भाजीवाल्यासमोर एक हात नोटेला, एक फोनला, काठी काखेत आणि पिशवी दातात, तिथे नाही जमत.

म्हणून मी यूपीआयवाला झालो. क्यूआर कोड कॅमेऱ्यात पकडायला वेळ लागतो, तिथे दुकानदारच फोन धरून देतो. पिन टाकताना मात्र एका कानात इयरफोन, नाहीतर फोन आकडे मोठ्याने वाचणार आणि वडापावच्या गाडीवर सगळ्यांना माझा पिन पाठ. आणि तो डबा असतो ना, "अमुक रुपये प्राप्त झाले" म्हणणारा, तो दुकानदारासाठी आहे, पण मला पण तिथल्या तिथे कळतं की पन्नासच गेले, पाचशे नाहीत. आमच्यासाठी कोणी बनवला नाही आणि आम्हाला एवढा उपयोगी पडतो.

बँकेचं केवायसी. एका बँकेच्या ॲपमध्ये मी पाऊण तास काढलाय. चेहरा गोलात आणा म्हणतं. गोल कुठाय? मग म्हणतं डोळे मिचकवा, म्हणजे तुम्ही जिवंत आहात ते कळेल. मिचकवले, एवढे मिचकवले की आई म्हणाली, अरे काय होतंय तुला! ह्यावर सुप्रीम कोर्टात केस झाली, एका बाजूला ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायका ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत, दुसरीकडे आमच्यासारखा न दिसणारा याचिकाकर्ता. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला, कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वीस सूचना दिल्या, त्यात डोळे मिचकवण्याला पर्याय द्या हेही आहे. आता निकालाची ती ओळ प्रत्येक ॲपच्या कोडमध्ये कधी उतरते ते बघत बसायचं.

एआयचं विचारतात सगळे. बी माय आइज २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं, हान्स यॉर्गन विबर्ग म्हणून आहेत त्यांनी काढलं, त्यांना स्वतःलाच दिसायला कमी होतं. व्हिडिओ कॉल लावला की जगातला कोणीतरी स्वयंसेवक उचलतो आणि गिझरचा दिवा लाल आहे का ते सांगतो. २०२३ पासून त्यात एआयपण आहे, फोटो टाका, वर्णन ऐका. कपड्यांचा रंग, हॉटेलचं मेन्यूकार्ड, एक नंबर. पण औषधाची पट्टी, ती चकचकीत असते आणि तारीख दाबून उठवलेली, तिथे दोनदा विचारलं तर मला दोन वेगळ्या तारखा मिळाल्यात, दोन्ही वेळा तेवढ्याच आत्मविश्वासाने. औषधाला मी अजून केमिस्टलाच विचारतो.

आणि आपली मराठी! रोमनमध्ये कोणी "kay kartoys" लिहिलं... म्हणजे लिहिलेलं तुम्हाला दिसतंय, मला ते इंग्रजी आवाजात "के कार्टॉईज" असं ऐकू येतं, कोणीतरी गोरा साहेब चौकशी करतोय असं वाटतं. जुन्या फॉन्टमधल्या मराठी पीडीएफ, ज्या युनिकोडमध्ये नाहीत, त्या तर मंत्र पुटपुटल्यासारख्या वाचल्या जातात, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्कॅन करून चढवलेली परिपत्रकं म्हणजे कागदाचा फोटो, तिथे फोन गप्प. आणि सकाळी सहाला सुरू होणारे फॅमिली ग्रुपवरचे मेसेज, "लाल गुलाब, लाल गुलाब, लाल गुलाब, जोडलेले हात, जोडलेले हात". मावशीच्या भावना पोचतात, वेळ लागतो फक्त.

शेवटचं दृश्य आमच्या सोसायटीतलं. ग्रुपवर पाण्याची नोटीस यायची ती हाताने लिहिलेल्या कागदाचा तिरका फोटो काढून, आणि ते अक्षर एआयलाच काय सेक्रेटरींना स्वतःला पण लागत नसेल. तीनदा साबण लावून बाथरूममध्ये अडकल्यावर मी ग्रुपवर लिहिलं, कृपया फोटोखाली दोन ओळी टाइप करत जा. सेक्रेटरी काका हो हो म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात परत फोटो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मनावर घेतलं, आता फोटो आला की दोन मिनिटांत खाली त्यांचा मेसेज येतो. कालचाच ऐका.

(फोनचा आवाज.) "उद्या सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पाणी नाही. सर्वांनी भरून ठेवणे. लाल गुलाब, लाल गुलाब, लाल गुलाब."

गुलाबांचं काकूंशी नंतर बोलू. आधी बादल्या भरतो.