पाचव्या वाटीतली चटणी

नमस्कार श्रोतेहो. माणसाची आवड मोजायची कशी, यावर आज बोलायचंय. सुरुवात मात्र आमच्या मावशीच्या उखळापासून.

मावशी शेंगाचटणी कुटते. कुटते म्हणतोय, नीट ऐका. मिक्सरातून काढलेल्या कोरड्या भुकटीला लोक चटणी म्हणतात, त्यांना कोण काय बोलणार! तर एका वर्षी मावशीनं चार प्रकार केले: नेहमीची, लसूण जास्त, तिखट कमी आणि तीळ घातलेली. विकायला कोणती ठेवायची? सोलापूरच्या गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी संख्याशास्त्र शिकलेला, म्हणून कागद छापून आणले. प्रत्येक चटणीला एक ते पाच गुण.

निकाल काय? जिकडे तिकडे चार आणि पाच. मावशी समोर बसलेली, तिचीच कडक भाकरी तोंडात. दोन गुण द्यायची हिंमत कोण करणार? शेजारच्या काकांनी तर चव घ्यायच्या आधीच पाच लिहून टाकले.

दुसऱ्या दिवशी मी लबाडी केली. मावशीला आत बसवलं, वाट्यांवर नुसते आकडे टाकले, आणि पहिल्या वाटीत होती तीच नेहमीची चटणी पाचव्या वाटीतही भरली. काकांनी पहिलीला तीन दिले. पाचवीला पाच! मी म्हटलं, "काका, दोन्ही एकच आहेत." "शक्यच नाही बे! पाचवीत हात वेगळाय." अर्धा तास वाद. मधे लसणाची जळजळीत वाटी येऊन गेली होती, एवढंच.

एकच चटणी, एकच जीभ, आणि गुण तीन नि पाच. म्हणून सांगतो, एखादा प्रश्न गुपचूप दोनदा विचारा. उत्तर जुळलं नाही, तर त्या आकड्यांवर दुकान उघडू नका.

तिसऱ्या दिवशी गुण बंद. दोन वाट्या समोर, "यातली कोणती?" बस्स. चार चटण्यांच्या जोड्या होतात सहा. मधे पाण्याचा घोट, आणि वाट्यांची डावी-उजवी बाजू बदलत राहायची. आता कुणाचं मन दुखवायचा प्रश्नच नाही. लसणाची जिंकली, तिळाची तळाला. मावशीची लाडकी तिळाचीच होती, त्यामुळे दोन दिवस मला चहा नाही.

ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७ सालीच जोड्यांच्या तुलनेचं गणित मांडलं. सर्वेक्षणात एखाद्या विधानापुढे असतात त्या 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' या पायऱ्या तिकडच्याच लिकर्ट या मानसशास्त्रज्ञांच्या, १९३२च्या. त्याही कामाच्या आहेत, पण एका विधानावर भागवू नका, एकाच विषयावरची अनेक विधानं विचारा. जोड्यांचीही अडचण आहे: दहा वस्तू झाल्या की जोड्या पंचेचाळीस, माणूस कंटाळतो. शिवाय चारही चटण्या बेचव असल्या, तरी एक पहिली येतेच! हल्ली रिक्षातून उतरलो तरी फोन तारे मागतो. मी डोळे मिटून पाच देतो. तुम्हीही देत असाल.

तर पुन्हा सांगतो: नावं झाका, दोन-दोन समोर ठेवा, एक प्रश्न दोनदा विचारा.

गड्डा संपला आणि काका पिशवी घेऊन दारात. "वहिनी, अर्धा किलो द्या. पाचव्या वाटीतली हं, पहिलीतली नको."

मावशीनं माझ्याकडे बघितलं आणि नेहमीच्या डब्यात चमचा घातला.