दोन शहरं, दोन वह्या

मंडळी, 'इंदूर स्वस्त, पुणं महाग' हे आपण इतक्यांदा म्हणतो की त्याचा हिशेब मांडावा असं कुणाच्या मनातच येत नाही. आज तो मांडू या, कारण आपल्या घरांतली मुलं याच वाक्यावर विसंबून नोकरी घेतात, नाहीतर सोडतात.

माझी पुतणी पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा आम्ही दोघींनी खर्चाच्या वह्या शेजारीशेजारी ठेवल्या. तूरडाळ, तेल, साखर, मोबाइलचं रिचार्ज यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पेट्रोल तर आपल्या इंदुरातच महाग.

केंद्र सरकारी पगाराची स्लिप पाहा, तीही हेच सांगते. महागाई भत्ता देशभर एकाच दराने मिळतो. प्रवास भत्त्याचा चढा दर ज्या शहरांना आहे त्यांत पुणं आहे, तसं आपलं इंदूरही आहे. घरभाडे भत्ता मात्र पुण्यात मूळ पगाराच्या ३० टक्के आणि इंदुरात २० टक्के. म्हणजे ५०,००० मूळ पगारावर महिन्याला ५,००० रुपयांचा फरक. पण या भत्त्यासाठी शहरांचे जे वर्ग केलेत, ते भाडी मोजून नव्हे, लोकसंख्येवर ठरतात. उपनगरं धरून ५० लाखांची वस्ती झाली की शहर वरच्या वर्गात जातं.

महागाईच्या निर्देशांकानेही फसू नका. एखाद्या शहराचा आकडा मोठा दिसला म्हणून ते शहर महाग ठरत नाही. तो आकडा त्याच शहराच्या आधीच्या किमतींशी ताडलेला असतो, शेजारच्या शहराशी नाही.

आता मूळ मुद्दा. पुतणीच्या वहीत सगळ्यांत मोठा आकडा भाड्याचा, त्याखाली डब्याचा. माझ्या वहीत भाड्याचा रकानाच नाही! रामबागेतलं घर सासऱ्यांनी बांधलेलं, स्वयंपाक घरचा. तो करणाऱ्या बाईचे कष्ट कोणत्या वहीत लिहिले जातात, हे मला फार मनापासून विचारावंसं वाटतं. आपण तुलना करतो ती इंदूर आणि पुण्याची नाहीच. वाडवडिलांच्या घरात राहणं आणि परक्या गावी खोली घेऊन राहणं, यांची ती तुलना आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर बऱ्हाणपूरचं एक तरुण जोडपं राहतं. ते जे भाडं देतात, तेच मी त्या दिवशी पेन्सिलीने माझ्या खर्चात लिहिलं. बेरीज पुन्हा केली, तर पुतणीच्या आणि माझ्या खर्चातलं अंतर जवळपास निम्म्यावर आलं. मग वरच्या त्या मुलीला विचारलं, "इंदूर स्वस्त वाटतं का गं?" ती म्हणाली, "काकू, पगार झाला की आधी तुमचं भाडं बाजूला काढते, मग उरलेल्यात महिना बसवते."