जाळ बदलतोय, कढई गोलच आहे

नमस्कार मंडळी. समोर खानावळवाले आहेत, केटरर आहेत, काही बेकरीवालेही दिसतायत. प्रदर्शनातून माहितीपत्रकांची पिशवी भरून आणायची सवय आपल्या सगळ्यांनाच. त्या पिशवीतल्या बहुतेक यंत्रांबद्दल मी बोलणार नाही. मला जाळाबद्दल बोलायचंय, कारण आपल्या धंद्यातली मोठी उलथापालथ सध्या तिथे चाललीये.

मुंबईचा पाव घ्या. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मग कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही पालिकेच्या नोटिसा गेल्या. आता बेकरीवाला लाकूड का सोडत नव्हता? भंगारातलं लाकूड स्वस्त पडतं. मोडकी कपाटं, दारं, रंग आणि सनमायका लागलेल्या फळ्या, सगळं भट्टीत. धूर कसला निघत असेल ते सांगायला नको. पण त्या विटांच्या भट्टीत एक अक्कल होती. जाळ एकदा करायचा, निखारे सारायचे, मग भिंतींनी शोषलेल्या उष्णतेवर तासन्‌तास घाणे काढत राहायचे. वीज गेली तरी पाव थांबत नाही.

तिच्या जागी येतो रोटरी रॅक ओव्हन. ट्रॉली आत फिरते, पंखा गरम हवा खेळवतो, जागा कमी लागते, रंग सगळीकडे सारखा येतो. पण फिरत्या हवेत पावाची वरची बाजू लवकर वाळते, म्हणून सुरुवातीला वाफ सोडावी लागते. वाफेची सोय नसलेला स्वस्त ओव्हन घेतलात, तर पाव टोस्टाच्या वाटेला लागलाच म्हणून समजा. पाइप गॅस घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. सिलिंडरच्या बर्नरचं जेट, म्हणजे गॅस सोडणारी तोटी, या गॅसला चालत नाही, भोक मोठं लागतं. ‘तोच बर्नर चालवू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता इंडक्शन. इथे जरा आकडेमोड करू. 19 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 240 युनिट विजेइतकी उष्णता असते. उघड्या बर्नरवर त्यातली 40 टक्के भांड्यात उतरली तरी नशीब, म्हणजे शंभराच्या आतच. इंडक्शनवर 85 टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणजे तेवढ्याच कामाला साधारण 115 युनिट. तुमच्या सिलिंडरचा भाव आणि 115 युनिटांचं बिल शेजारी शेजारी ठेवा. दर मी सांगत नाही, ते तुमच्या खिशाला पाठ आहेत.

गॅसची उरलेली 140 युनिटं जातात कुठे? आचाऱ्याच्या अंगावर. मे महिन्यात दुपारी आचारी का टिकत नाही, याचं अर्धं उत्तर त्यात आहे. म्हणून शेगडीवर धूर ओढणारं हूड आणि एक्झॉस्ट पंखा आले. पण बाहेर फेकलेल्या हवेइतकी ताजी हवा आत यायला वाट ठेवली नाही, तर पंखा नुसताच घुरघुरतो आणि धूर आतच. हूडवर लाखभर घालणारे या वाटेसाठी भिंतीला भोक पाडायला का कचरतात, मला कळत नाही.

इंडक्शनची अडचण आपल्या भांड्यांत आहे. अ‍ॅल्युमिनियमचा टोप त्यावर तापत नाही, पितळेचाही नाही, आणि गोल बुडाच्या कढईला खळग्याची वेगळी शेगडी लागते. भाकरी तर जाळावरच फुगते. तेव्हा माझं मत असं, की भात, वरण, दूध विजेवर न्या. भाकरी, तवा आणि तळण गॅसवर राहू द्या. सगळं एकदम बदला म्हणणारा बहुधा विकणारा असतो.

मोठ्या पंगतीला तिसरी वाट आहे, वाफेची. शिर्डीच्या प्रसादालयात 2009 साली 73 सौर तबकड्या बसवल्या. उन्हावर वाफ तयार होते आणि त्यावर अन्न शिजतं.

कॉम्बी ओव्हनबद्दल थोडक्यात. यंत्र उत्तम, वाफ आणि कोरडी उष्णता एकाच पेटीत. पण दहा ट्रेचं विजेवरचं मॉडेल 19 किलोवॉटच्या आसपास खातं, आणि बोअरचं जड पाणी थेट जोडलंत तर आत क्षार साचून ते बिघडतंच. पाण्यातला जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचा खर्च आधीच धरा.

स्टीलची भांडी-टेबलं घेताना एक लक्षात ठेवा. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील 304 या चांगल्या ग्रेडचं, हा समज सोडा. 202 या हलक्या ग्रेडलासुद्धा बहुधा चिकटत नाही, आणि मीठ-चिंचेच्या पाण्यात त्याला डाग आधी पडतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि यंत्राचा अ‍ॅडव्हान्स देण्याआधी वायरमनला बोलवा, सगळी यंत्रं एकदम चालली तर किती किलोवॉट होतात ते कागदावर मांडा, आणि वाढीव लोडचा, म्हणजे मंजूर वीजभार वाढवण्याचा, अर्ज महावितरणकडे आधी टाका. ओव्हन आठवड्यात येतो, लोड येत नाही.