फोन किती तास, यापेक्षा कोणत्या तासाला

(मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पालक-शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, घटक चाचणीचे गुण हातात पडले की पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मोबाईलनं वाटोळं केलं लेकराचं." वाटोळं नेमकं कुठं झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. मग रागाच्या भरात फोन कपाटात जातो आणि चौथ्या दिवशी गृहपाठाच्या निमित्तानं परत बाहेर येतो.

हा फोन घरात आला कसा, ते आठवा. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपणच, शिक्षकांनीच, वर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप काढले. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्स. शाळा पुढं उघडल्या, पण अभ्यासासाठी घेतलेला फोन आणि त्याच्यासोबत आलेली रील्सची सवय दोन्ही घरातच राहिले. 'असर' या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी 76 टक्क्यांनी.

फोनचे तास वाढले की गुण घटतात, असं बऱ्याच संशोधनांत दिसतं. पण तो परिणाम लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. शिवाय ज्या लेकराला गणित उमजत नाही तेच फोनकडं जास्त पळतं. तिथं फोन हे कारण नसतं, आडोसा असतो. म्हणून एकूण तास मोजण्यात मला फारसा रस नाही. सायंकाळी सात ते दहा या वेळात आणि दहानंतर काय होतं, तेवढं बघा.

दहावीच्या गणित भाग 1 मधलं वर्गसमीकरणाचं शाब्दिक उदाहरण घ्या. प्रश्न वाचायचा, अज्ञात संख्या क्ष मानायची, वाक्याचं समीकरण करायचं, अवयव पाडायचे, दोन उत्तरं काढायची आणि वय किंवा लांबी ऋण येत असेल तर ते उत्तर सोडायचं. एवढ्या पायऱ्या डोक्यात एकदम धरून ठेवाव्या लागतात. समीकरण मांडून झालं आणि तेवढ्यात टिंग वाजलं, की 'क्ष म्हणजे काय मानलं होतं' इथपासून पुन्हा सुरुवात. मेसेज बघायला दहा सेकंद लागतात, घडी परत बसायला कितीतरी मिनिटं. दोन तासांच्या बैठकीत चारच गणितं का झाली, याचं उत्तर इथं आहे. बोर्डात हाच पेपर 40 गुणांचा आणि 2 तासांचा. घरी सलग वीस मिनिटं न बसलेलं मूल तिथं शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचत नाही. "येत होतं, पण वेळ पुरला नाही," असं ते सांगतं आणि ते खरंच असतं.

दुसरं नुकसान झोपेचं. 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते. सकाळी सहाची शिकवणी आणि रात्री साडेबारापर्यंत रील्स, म्हणजे जेमतेम पाच तास. दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. पहिल्या तासाला पेंगणारं पोर आदल्या दिवशीचंही गमावून बसलेलं असतं.

तिसरं नुकसान हुशार मुलांचं होतं आणि ते लवकर कळत नाही. एका मिनिटाच्या व्हिडिओत प्रकाशाचं अपवर्तन छान समजल्यासारखं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढं असतात, पण आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढं जातात. त्यामुळे व्हिडिओ बघा, पण लगेच फोन पालथा न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कोऱ्या पानावर आकृती काढून नावं द्या. जमलं नाही तर ते समजलेलंच नव्हतं.

आता शिक्षकांनो, थोडं आपल्याकडं. गावाकडं घरात बहुतेक वेळा स्मार्टफोन एकच, आणि तो दिवसभर वडिलांसोबत शेतात किंवा कामावर. तो घरी येतो आठ वाजता. आपण गृहपाठ ग्रुपवर टाकला की लेकराचा अभ्यास सुरूच होतो आठनंतर. गृहपाठ शोधताना त्याच्या आधी शंभर 'शुभ सकाळ' ओलांडावे लागतात, मग स्टेटस, मग एखादी लिंक. अभ्यास आणि करमणूक दोन्ही झोपेच्या वेळेवर आपणच ढकलले! गृहपाठ फळ्यावर लिहा, वहीत उतरवून घ्या. ग्रुप ठेवायचाच तर 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सोय चालू करा आणि शाळा सुटण्याआधी एकच मेसेज टाका.

पालकांनी पहिल्या आठवड्यात काही बंद करू नये. सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडून रोज फोन किती वेळा उघडला आणि किती नोटिफिकेशन आले, एवढं लेकरासोबत बसून कागदावर लिहावं. उघडण्याचा आकडा पाहून लेकरंच चकित होतात. मग ग्रुप कायमचे म्यूट करावेत आणि यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करावा. लागणारा धडा ॲपमध्ये डाउनलोड करून घेतला की डेटा बंद करूनही बघता येतो.

ॲपला टायमर लावतात, तिथं फसगत होते. इन्स्टाग्रामचं ॲप थांबतं, पण तेच क्रोममध्ये उघडतं. टायमर मध्यरात्री नव्यानं सुरू होतो, म्हणजे जागं लेकरू बारा वाजून एक मिनिटानं पुन्हा बसतं! आणि ज्याच्या हातात फोन, तो टायमर काढूही शकतो. मुलाच्या फोनचं नियंत्रण पालकांच्या हाती देणारं गुगलचं 'फॅमिली लिंक' जास्त पक्कं, पण त्यासाठी मुलाचं खरी जन्मतारीख टाकलेलं वेगळं खातं लागतं. आपल्याकडं फोनवर वडिलांचंच जीमेल असतं. म्हणून दहाला फोन आई-वडिलांच्या खोलीत चार्जिंगला, हाच नियम टिकतो. "गजर लावायचाय" या सबबीवर साधं घड्याळ आणून द्या. नियम वडिलांनाही लागू, नाहीतर आठवडाभरही चालायचा नाही.

शाळेत फोनबंदीचा फायदा कुणाला? इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या शाळांचा बेलँड आणि मर्फी यांनी अभ्यास केला. बंदीनंतर गुण वाढले ते मुख्यतः मागं पडलेल्या मुलांचे. पुढच्या मुलांना फरक पडला नाही. ज्यांच्या घरात शिकलेलं कुणी नाही, अशी लेकरं आपल्या वर्गात भरपूर आहेत.

लातूरला 'नीट'साठी राहणाऱ्यांचा प्रश्न टेलिग्रामचा. नोट्सच्या नावानं चॅनेल जोडली जातात आणि परीक्षा जवळ आली की 'पेपर मिळेल' सुरू होतं. 2025 च्या नीटआधी राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेनं असे खोटे दावे करणारी 106 टेलिग्राम आणि 16 इन्स्टाग्राम चॅनेल शोधली होती. पैसे जातात ते जातात, शेवटचे पंधरा दिवसही त्यातच जातात.

एक गोष्ट मुलींच्या बाबतीत. चांगली शिकणारी मुलगी एकाच सत्रात एकदम घसरली, तर आधी फोनच्या तासांवर घसरू नका. कुणी फोटोवरून धमकावत असू शकतं. ती सांगत नाही, कारण सांगितलं की फोन जाईल, मग शाळा जाईल, मग स्थळं बघायला सुरुवात होईल, हे तिला माहीत असतं. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका. 1930 (सायबर गुन्हे) आणि 1098 (बालकांसाठी मदत) हे क्रमांक वर्गात लावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते.

शेवटी प्रश्न आला : आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर, लेकरू आजीपाशी, फोन कुणी काढून घ्यायचा? काढून घ्यायला जाऊ नका. आईचा फोन कधी येईल सांगता येत नाही. फडातून गाडी भरून निघायला रात्र होते, म्हणून लेकरू फोन उशाशी घेऊन झोपतं, आणि वाट बघता बघता रील्स चालू राहतात. अशा घरात आजीकडं साधा कीपॅड फोन ठेवा, माय-बापानं त्याच्यावरच बोलावं, आणि स्मार्टफोन आठनंतर पेटीत. कीपॅड फोनच्या सिमला डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक 2025 पासून मिळतो. दुकानदार तो सहसा आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावा लागतो.