पसंतीक्रमात किती कॉलेजं भरायची?

नमस्कार श्रोतेहो. नीटचा निकाल लागला, राज्य गुणवत्ता यादीत नाव आलं, आणि आता घरोघरी एकच चर्चा चालू असेल. बीडीएससाठी, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीसाठी, प्रवेशफेरीच्या पसंतीक्रमात किती कॉलेजं टाकायची? काका म्हणतात, पाचच टाका, पण निवडून टाका. शेजारचे म्हणतात, दिसेल ते टाका, एक तरी लागेल. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे कुकरची शिट्टी झाली तरी बिघडणार नाही. जिथं खरोखर शिकायला जाल ती सगळी कॉलेजं भरायची. जिथं जाणार नाही त्यातलं एकही भरायचं नाही. आणि क्रम लावायचा आपल्या आवडीनं, कटऑफ बघून नाही.

यातलं शेवटचं लोकांच्या गळी उतरत नाही. पालक विचारतात, पहिल्या नंबरावर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय टाकलं आणि ते नाही लागलं, तर पहिली पसंती वाया गेली ना? नाही गेली. संगणक गुणवत्ता यादीतला एकेक विद्यार्थी क्रमानं घेतो. तुमची पाळी आली की तुमची यादी वरून खाली वाचतो, आणि तुमच्या प्रवर्गात जागा शिल्लक असलेलं पहिलं कॉलेज देतो. तुमच्यामागे असलेल्या मुलानं तेच कॉलेज पहिलं टाकलं असलं, तरी तो तुमच्या पुढे जात नाही. वरची दहा नावं न मिळणारी असली तरी अकराव्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. एके काळी ती अगदी खरी होती. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, तेव्हा जरा ऐकाच.

काळ १९४०च्या दशकातला, देश अमेरिका. डॉक्टरकीच्या मुलांना इंटर्नशिपसाठी हॉस्पिटल मिळवायचं असे, आणि हॉस्पिटलांना मुलं कमी पडत. म्हणून प्रत्येक हॉस्पिटल दुसऱ्याच्या आधी मुलगा पटकावू लागलं. पदवीला दोन वर्षं बाकी असतानाच बोलणी पक्की व्हायला लागली. कॉलेजांनी यावर उपाय काढला. ठरलेल्या वेळेआधी गुणपत्रकं आणि शिफारसपत्रं द्यायचीच नाहीत. झालं, घाई थांबली, पण नवी भानगड सुरू झाली. मुलाला दुसऱ्या पसंतीच्या हॉस्पिटलचं बोलावणं यायचं, पहिल्याचं यायचं नाही. तो उत्तर लांबवायचा. हॉस्पिटल हैराण. म्हणून १९४५ साली ठरलं की विचार करायला मुलांना दहा दिवस द्यायचे. पुढे ही मुदत कमी कमी होत गेली. १९४९मध्ये कॉलेजांच्या संघटनेनं सुचवलं, रात्री बारा वाजून एक मिनिटानं तारा जाऊ देत आणि मुलांनी दुपारी बारापर्यंत उत्तर द्यावं. हॉस्पिटलांच्या संघटनेला ते बारा तासही जास्त वाटले! अखेर ठरलं असं की थांबण्याचं बंधन कुणावरच नाही, आणि तारा आधीच भरून ठेवल्या तरी चालतील, म्हणजे बरोबर बारा वाजून एक मिनिटाला मुलाच्या हातात पडतील. पुढच्या वर्षी पुन्हा बारा तास दिले, आणि सोबत तंबी दिली की तारेच्या मागोमाग फोन करायचा नाही. (तार म्हटलं की आपल्याकडे घरात आधी रडारड व्हायची आणि मग ती वाचली जायची. २०१३च्या जुलैमध्ये ती सेवा बंद झाली. रात्रीबेरात्री व्हॉट्सॲपवर येणाऱ्या "तातडीच्या" निरोपांना तेवढं वजन नाही, हे माझं वैयक्तिक मत.)

तर मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की याद्या एका ठिकाणी द्यायच्या. मुलं हॉस्पिटलांची यादी देणार, हॉस्पिटलं मुलांची, आणि मधली यंत्रणा जोड्या लावणार. पण आधी सुचवलेली पद्धत काय होती? प्रथम ज्यांनी एकमेकांना पहिलं ठेवलंय त्यांच्या जोड्या. मग पुढचे. आता बघा गंमत. एका मुलानं नावाजलेलं हॉस्पिटल पहिलं ठेवलं, आणि ज्याला तो मनापासून हवा होता ते दुसरं. पहिलं मिळालं नाही. तोवर दुसऱ्याची जागा अशा मुलानं घेतलेली असू शकायची, ज्याला त्या हॉस्पिटलनं याच्या खाली ठेवलं होतं, पण ज्यानं ते हॉस्पिटल पहिलं लिहिलं होतं. म्हणजे मोठं स्वप्न पाहिलं म्हणून शिक्षा! हे ध्यानात आलं कुणाच्या? विद्यार्थ्यांच्या. त्यांनी संघटित होऊन विरोध केला, पद्धत बदलून घेतली, आणि १९५२ साली बदललेल्या पद्धतीनं जागा वाटल्या गेल्या.

पुढे १९६२मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी असं वाटप कसं करावं याचं गणित स्वतंत्रपणे मांडलं. १९८४मध्ये ॲल्विन रॉथ यांनी दाखवून दिलं की हॉस्पिटलांची पद्धत मुळात तीच आहे. २०१२ साली शॅप्ली आणि रॉथ यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल २००८मध्येच वारले होते. आणि गंमत म्हणजे बॉस्टन शहरातल्या शाळांत ती जुनी, शिक्षा करणारी तऱ्हा २००५पर्यंत चालू होती. तिथले जाणते पालक आपापल्या बैठकांत सांगत की गर्दीची शाळा पहिली लिहायचीच असेल, तर दुसरी कमी गर्दीची लिहा. जे पालक असल्या बैठकांना जात नसत त्यांची मुलं मार खात. आपल्या प्रवेशफेरीत ही भानगड नाही. म्हणून पुन्हा सांगतो, क्रम आवडीचा.

गोष्टीत वेळ बराच गेला, आता भराभर.

आकडा कसा काढायचा? सगळ्या दंत महाविद्यालयांची यादी कागदावर घ्या. पहिली काट पैशाची. शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी बघा, शिकवणी आणि विकास शुल्क मिळून. तिला चारानं गुणा, कारण बीडीएसची वर्षं चार आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यात वसतिगृह आणि मेस पाच वर्षांची धरा. हत्यारांचा खर्च लोक विसरतात: पहिल्या वर्षी मेणाचे ठोकळे कोरून दात करायचे असतात, दुसऱ्या वर्षी टायपोडाँट (सरावासाठीचा नकली जबडा) आणि हँडपीस (दात कोरायचं यंत्र) येतो. शिष्यवृत्ती लागू असेल तर वजा करा, पण ती हातात पडायला वेळ लागतो म्हणून पहिल्या वर्षाचा हप्ता तयार ठेवा. हा आकडा झेपत नसेल तर नाव काटा. खासगी कॉलेजातल्या संस्थास्तरीय कोट्याची, म्हणजे संस्थेच्या वाट्याच्या जागांची, फी नेहमीच्या फीच्या काही पट असते. अर्जातल्या त्या रकान्यात "हो" करण्याआधी घरात बोला.

दुसरी काट रुग्णांची. शक्य असेल तिथं सोमवारी सकाळी दहाला त्या कॉलेजच्या ओपीडीत जाऊन बसा. खुर्च्या किती आणि रुग्ण किती, मोजा. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाला दात काढणं, रूट कॅनाल, कवळ्या यांचा कोटा पुरा करावा लागतो. रुग्णच नसतील तर मुलं आत्या-मामाला एसटीत घालून आणतात. इमारत चकचकीत आणि खुर्च्या रिकाम्या, तर ते नाव खाली घ्या किंवा काटा. (आणि जाताच आहात तर स्वतःचे दात दाखवून घ्या. दंतवैद्य व्हायला निघालेल्याच्या घरात वर्षानुवर्षं कुणी दात तपासलेले नसतात.)

दोन काटी झाल्या की उरेल तो तुमचा आकडा. कुणाचा सहा येईल, कुणाचा तीस. दोन्ही बरोबर. यादी फार छोटी झाली आणि तुमचा क्रमांक त्या कॉलेजांत गेल्या वर्षी शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या क्रमांकापेक्षा बराच मागे असेल, तर परत पैशाच्या काटीकडे जा. मात्र क्रमांकच बघा, गुण नव्हे. २०२४मध्ये ७२० पैकी ७२० घेणारे अनेक होते, २०२५मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे गुण ६८६. गेल्या वर्षीचे गुण धरून अंदाज बांधला की फसगत ठरलेली.

एमबीबीएस आणि बीडीएस एकाच यादीत भरायचं असेल, तर महागडं एमबीबीएस वर की शासकीय बीडीएस वर, हे आधी ठरवा, फॉर्म भरताना नव्हे. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, वेगळे असतात. तिथं परत मिळणारी अनामत दोन लाखांची आहे. पहिल्या फेरीत जागा सोडता येते, दुसऱ्या फेरीपासून मिळालेली जागा सोडली तर अनामत जाते. तिथं हौसेनं नावं वाढवू नका.

आता सगळ्यात जास्त जिथं फसतात ते. पहिल्या फेरीत एक कॉलेज लागलं, प्रवेश घेतला, आणि दुसऱ्या फेरीत जुनीच लांबलचक यादी परत भरली. त्यात हातातल्या कॉलेजपेक्षा नावडतं नाव राहून गेलं. ते लागलं की आधीची जागा आपोआप रद्द होते आणि परत मिळत नाही. दुसऱ्या फेरीत हातातल्यापेक्षा वरचीच नावं भरा. पुन्हा सांगतो, वरचीच. आणि जे मिळालंय त्यावर समाधानी असाल तर स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे आहे ती जागा कायम ठेवण्याचा, फॉर्म भरून मोकळे व्हा.

फॉर्म भरताना एकानं कागदावरून कॉलेजचा कोड वाचावा, दुसऱ्यानं पडद्यावरचं नाव मोठ्यानं म्हणावं. एकाच शहरात दोन-तीन दंत महाविद्यालयं असली की नुसत्या नावावर चूक होते. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आणि नोंदणीला मोबाइल नंबर घरातलाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिलात, तर ओटीपी त्याला जाईल, आणि दुसऱ्या फेरीच्या दिवशी नेमकं त्याचं दुकान बंद असेल. नमस्कार.