ओल धरलेला मेंदू

[दृश्य : परळ, सकाळ. इस्पितळाच्या फाटकातून आत शिरणारी रुग्णवाहिका.]

परळ. केईएम, टाटा, वाडिया, सगळी इस्पितळं हाकेच्या अंतरावर. पक्षाघाताचा पेशंट कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर नातेवाइकांना आधी एकच विचारतात : शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. विरारहून, कल्याणहून निघालेल्यांचा त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. आणि वेळेत पोहोचलं तरी धास्ती संपत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या ज्या चाचणीमुळे हा उपचार रुळला, तिच्यात इंजेक्शन घेतलेल्या शंभरांतल्या साधारण ६ जणांना मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली. न घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. तरीही तीन महिन्यांनी जास्त सावरले ते इंजेक्शनवालेच. पण ते सहा जण कोण, हे आधी कळलं तर?

[दृश्य : मेंदूतली केशवाहिनी, रेखाचित्र.]

मेंदूतल्या केशवाहिन्यांचं अस्तर इतर अवयवांसारखं नसतं. पेशी एकमेकींना अशा बिलगलेल्या असतात की रक्तातलं सगळंच पलीकडे जाऊ शकत नाही. रक्तपुरवठा तुटला की हे सांधे सैल पडतात. आधी पाणी आणि प्रथिनं झिरपतात, मेंदू सुजतो. भिंत फारच खचली तर रक्तच बाहेर येतं.

पावसाळ्यात चाळीच्या भिंतीला ओल धरते ना, तशी ही गळती. धार कुठेच दिसत नाही. मग मोजायची कशी?

[दृश्य : एमआरआयची खोली.]

डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उशा. हाताच्या शिरेत सुई. साठ किलोच्या माणसाला साधारण १२ मिलिलिटर गॅडोलिनियमचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उजळवणारं धातुयुक्त औषध, मागोमाग सलाइन. "काका, आता अजिबात हलायचं नाही हं." मशीन ठकठकत राहतं, त्याच मेंदूची चित्रं पुन्हा पुन्हा काढतं, कित्येक मिनिटं. भिंत धड असेल तिथे कॉन्ट्रास्ट रक्ताबरोबर येतो आणि निघून जातो. गळक्या जागी तो बाहेर झिरपून साचतो, चित्रातला तो भाग हळूहळू उजळत जातो. माथ्याखालच्या मोठ्या शिरेतल्या रक्ताशी ताडून हा चढ मोजला, की चित्रातल्या एकेका ठिपक्याला गळतीचा आकडा मिळतो.

हा आकडा फार बारीक असतो. पेशंट गोंधळलेला, घाबरलेला. मान जराशी वळली तरी नसलेली गळती दिसू लागते. मशीन बदललं, गणिताची पद्धत बदलली, की आकडाही बदलतो. माझ्या मते खरं काम इथेच बाकी आहे. सगळ्यांनी मिळून एक पद्धत ठरवल्याशिवाय परळचा आकडा पुण्याच्या आकड्याशेजारी ठेवता येणार नाही.

म्हणूनच गळतीच्या या मोजणीसाठी गुठळीचं इंजेक्शन अडवून ठेवत नाहीत, ठेवूही नये. सीटीत रक्तस्राव नाही ना, एवढं बघून पात्र पेशंटला औषध सुरू होतं.

शिवाय किडनी पार बिघडलेल्यांना गॅडोलिनियम देताना जपावं लागतं. त्यासाठी संशोधक कॉन्ट्रास्टशिवायचा मार्ग तपासताहेत : मानेपाशी रक्तातल्या पाण्यालाच चुंबकीय खूण करायची, आणि ते केशवाहिनीची भिंत ओलांडून मेंदूत किती वेगानं उतरतं ते पाहायचं.